पियानोंतील करुण रस

ओझर म्हटलें कीं नाशिक जिल्ह्यांतील माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक चंपाषष्ठीची खंडोबाची यात्रा आणि तींत ओढल्या जाणाऱ्या बारागाड्या. दुसरी, १९६४ सालीं गांवाशेजारीं उभा राहिलेला विमानांचा कारखाना. बाणगंगेच्या कांठच्या या गांवाला विमानांच्या घरघरीची संवय आहे, तशीच द्राक्षबागांतील पंपांचीही आहे. अशा ठिकाणीं पियानोची गोष्ट काढणें कांहींसें विचित्र वाटेल. परंतु कारखान्याबरोबर मुंबई-आग्रा रस्त्यालगत वसाहत आली, वसाहतींत प्रांतोप्रांतींचीं कुटुंबें आलीं, आणि आतां पियानो, निदान विजेवर चालणारी त्याची नक्कल, ही मुंबईच्या धोबी तलावापुरती किंवा गोव्याच्या ख्रिस्ती घरांपुरती राहिलेली नाहीं. घरांत असें एखादें वाद्य यावें, मुलीनें चार-दोन वर्षें शिकावें, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षांच्या कांहीं पायऱ्या चढाव्या, आणि एके दिवशीं तिनें शिक्षकाजवळ नेमकी तीच रचना मागावी, असें अनेक घरांत होतें. ती रचना म्हणजे फ्रेडरिक शोपँ याचें ई मायनर स्वरांतील प्रिल्यूड, संग्रहांतील चौथें.

रचना दिसावयास सोपी. छापील एकच पान. आपल्या तालांतील खंडांसारखे, ज्यांना तिकडे बार म्हणतात, असे पंचवीस खंड, लय अतिविलंबित, उजव्या हाताला बहुतेक वेळ एकटा एक स्वर, आणि डाव्या हाताला एकदम दाबावयाचे तीन स्वर, पुन्हां पुन्हां. आठवड्याभरांत बोटें जागेवर पडूं लागतात. खरी पंचाईत तेथूनच सुरू होते. सारे स्वर बरोबर, लय बरोबर, आणि तरीही ऐकणाऱ्याच्या मनाला कांहीं होत नाहीं. टंकलेखन-यंत्रावर पत्र उतरवावें तसें तें वाजतें. मग शिकणारी मुलगी त्यांत दुःख घालूं लागते. मान हलते, खांदे झुकतात, प्रत्येक स्वरावर थोडें अडखळणें आणि प्रत्येक वळणावर एक उसासा. याहून वाईट वादन दुसरें नसेल. कोरडें वादन निदान प्रामाणिक तरी असतें.

पट्टीच्या वाद्यांतून करुण रस निघतो कीं नाहीं, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाहीं, आणि त्याचा एक निकाल खुद्द नभोवाणीनेंच लावला होता. १ मार्च १९४० पासून अखिल भारतीय नभोवाणीनें हार्मोनियमला आपल्या केंद्रांतून बाहेर काढलें, आणि ही बंदी १९७१ पर्यंत टिकली. बंदीपूर्वीं नभोवाणींतच काम करणारे इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांनीं पेटीविरुद्ध लिहिलें होतें. रवींद्रनाथ ठाकुरांनाही ती मानवत नव्हती. आक्षेप मुख्यतः दोन होते. पेटीचे बारा स्वर कायमचे बांधलेले, त्यामुळें श्रुति सांपडत नाहींत. आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय नाहीं, म्हणजे मींड नाहीं. गळा रडूं शकतो, सारंगी रडूं शकते, कारण दोघांनाही दोन स्वरांमधील वाट चालतां येते. पट्टीला ती वाट नाहीं. तिला एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर उडीच मारावी लागते.

आक्षेप खोटा नव्हता. परंतु महाराष्ट्रानें तो पुरता मानला नाहीं. संगीत नाटकांच्या पायपेटीवर आणि मैफलींतील हातपेटीवर आपल्या वादकांनीं त्यावर उपाय शोधून ठेविले होते. गोविंदराव टेंब्यांपासून पुढें अप्पा जळगांवकर, तुळशीदास बोरकर यांच्यापर्यंत जी परंपरा आली, तिनें भात्याच्या दाबानें सूर फुगविला आणि उतरविला, शेजारच्या पट्टीचा निसटता कण लावला, आणि जी मींड वाद्यांत नाहीं तिचा भास ऐकणाऱ्याच्या कानांत उभा केला. वाद्याचें दारिद्र्य झांकलें तें भपक्यानें नव्हे. तें नेमकें कोठें आहे हें ओळखून.

पियानोचें दारिद्र्य तर पेटीहून अधिक आहे. पेटीचा सूर हवा आहे तोंवर टिकतो आणि भात्यानें वाढतोही. पियानोची पट्टी दाबली कीं आंत नमद्यानें मढविलेली एक लहानशी हातोडी उसळते, तारेवर आपटते आणि लगेच मागें येते. त्या क्षणानंतर वादकाला त्या सुराला वाढवितां येत नाहीं, कांपवितां येत नाहीं, वळवितां येत नाहीं. सूर जन्मतो तोच मरूं लागतो. वादकाच्या हातीं उरतात त्या गोष्टी अगदीं थोड्या: हातोडी किती वेगानें जावी, केव्हां जावी, आणि सूर केव्हां बंद व्हावा. एवढ्याच भांडवलावर पियानोवाला व्यापार करतो. स्वराच्या पोटांत शिरून कांहीं करतां येत नाहीं. म्हणून जें कांहीं करावयाचें तें एका स्वराच्या दुसऱ्याशीं असलेल्या नात्यांत करावें लागतें. हें एकदां ध्यानांत आलें म्हणजे शोपँनें या पानावर काय केलें आहे तें दिसूं लागतें.

शोपँ हा पोलंडचा. त्याचें उत्तरायुष्य पॅरिसमध्यें गेलें. १८३८-३९ चा हिवाळा त्यानें माजोर्का बेटांत, वाल्देमोसा येथील एका ओसाड मठांत काढला. प्रकृति फार ढांसळलेली होती. चोवीस प्रिल्यूडांचा संग्रह त्यानें तेथें पुरा केला आणि तो १८३९ सालीं छापला गेला. १७ ऑक्टोबर १८४९ रोजीं वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षीं तो वारला. ३० ऑक्टोबरला मादलेन येथील मंदिरांत त्याचा अंत्यविधि झाला, त्या वेळीं हेंच प्रिल्यूड वाजविण्यांत आलें. पियानोवर मात्र नव्हे, मंदिरांतील ऑर्गनवर. म्हणजे मरत जाणाऱ्या सुरांसाठीं लिहिलेली ही रचना कर्त्याच्या निरोपाच्या वेळीं ऐकूं आली ती भात्याच्या, न विझणाऱ्या सुरांतून. त्याच पॅरिसमध्यें अलेक्झांडर दबें यानें १८४२ सालीं हार्मोनियमचें पेटंट घेतलें होतें, हाही एक योगायोगच म्हणावयाचा.

आतां रचनेकडे. पेटी जाणणाऱ्या माणसानें पांढरी तीन हा षड्ज धरावा. मग उजव्या हाताची स्वरपंक्ति आपल्या भाषेंत सहज वाचतां येते. मंद्र पंचमावरून मध्य सप्तकांतील पंचमावर एक उडी, आणि त्यानंतर पंचम, कोमल धैवत. पुन्हां पंचम, कोमल धैवत. आणखी एकदां तेंच. पंचम लांबलचक, धैवत आंखूड. भैरवांतील आंदोलित धैवत ज्याच्या कानांत आहे त्याला या दोन स्वरांच्या शेजाराचें दुःख समजावून सांगावें लागत नाहीं. मग पंक्ति तीव्र मध्यमाला पुसटसा स्पर्श करून शुद्ध मध्यमावर उतरते आणि तेथेंही तसाच हेलकावा घेत राहते. बाराव्या खंडापर्यंत ती ऋषभाशीं येऊन थांबते. षड्ज हातावर असून मिळत नाहीं. तेराव्या खंडांत सारें पुन्हां पंचमापासून.

ई मायनरचे मूळ स्वर आपल्या आसावरी थाटाचे आहेत हें खरें, परंतु तुलना येथें सोडून द्यावी हें बरें. हा राग नव्हे. रागांत षड्ज अचल असतो, तंबोरा तो अखंड सांगत असतो, आणि साऱ्या स्वरांचें सुखदुःख त्याच्यापासूनच्या अंतरानें ठरतें. येथें तंबोराच खचत आहे. डाव्या हाताचे जे तीन स्वर एकदम वाजतात, ज्यांना कॉर्ड म्हणतात, ते आरंभीं कोमल गंधार, पंचम आणि षड्ज असे असतात. प्रत्येक खंडांत ते आठ वेळां वाजतात. आणि हळूहळू त्या तिघांपैकीं कधीं एक, कधीं दुसरा, बहुधा शेजारच्याच पट्टीवर, खालीं उतरतो. प्रथम खालचा गंधार सरतो, मग मधला पंचम, मग पुन्हां खालचा. वरचा षड्जही फार वेळ जागेवर राहत नाहीं. तिघे एकदम कधीं पडत नाहींत. भिंतीची एकेक वीट सरकावी तसें हें चालतें. वर उजव्या हातांत पंचम तोच आहे, परंतु त्याच्याखालची जमीन बदलली, म्हणून तोच पंचम आतां निराळा ऐकूं येतो. शोक आहे तो येथें. उजवा हात जवळजवळ कांहींच करीत नाहीं. त्याच्याभोंवतालचें जग खालीं जात असतें.

यावरून शिकणारीनें काय करावें हें उघड होतें, तरी बहुतेक जणी उलटेंच करतात. त्या उजव्या हाताला लागतात, कारण गाणें तिकडे आहे. करावयाचें तें हें: आठ-दहा दिवस उजवा हात मांडीवर ठेवून द्यावा. डाव्या हातानें आठ ठोक्यांऐवजीं प्रत्येक कॉर्ड एकदांच दाबावी, धरून ठेवावी, आणि पुढची दाबण्यापूर्वीं तोंडानें सांगावें कीं आतां कोण हलणार, वरचा, मधला कीं खालचा. जो हलणार त्याचा स्वर गुणगुणावा. येथें आपल्याकडील मुलींना एक सोय आहे; सरगम म्हणण्याची ज्यांना संवय आहे त्यांना हें काम फार लवकर साधतें. जो स्वर सरकला तो किंचित् ठळक आणि बाकीचे दोघे मागें, एवढें बोटांत आलें कीं अर्धें प्रिल्यूड हातीं आलें असें समजावें.

मग ते आठ ठोके. हे ठोके म्हणून वाजवूंच नयेत. सेबास्टियन एरार यानें १८२१ सालीं पियानोच्या यंत्रांत अशी एक सुधारणा केली कीं पट्टी पुरती वर येण्यापूर्वींच ती पुन्हां दाबतां यावी. आजच्या मोठ्या पियानोंत तीच तरतूद असते. तिचा उपयोग असा कीं बोटें पट्टीवरून उचलूंच नयेत. पट्टी अर्धी वर येतांच पुन्हां खालीं न्यावी. निजलेल्या मुलाच्या पाठीवर हात थोपटतांना तो हात जसा फार उंच जात नाहीं, तसें. आठही स्पर्श सारखेच नसावेत, परंतु त्यांतील फरक ऐकणाऱ्याला मोजतां येऊं नये.

उजव्या हाताचें रहस्य एकच आहे आणि तें कानांत आहे, बोटांत नाहीं. लांब पंचम वाजला कीं तो विझूं लागतो. त्यानंतरचा आंखूड धैवत किती जोरानें वाजवावयाचा? विद्यार्थिनी तो पंचमाइतक्याच जोरानें वाजविते, आणि तो खिळ्यासारखा वर येतो. खरें माप असें: धैवत येण्याच्या क्षणीं पंचम जेवढा उरला आहे तेवढ्याच आवाजांत धैवत जन्मला पाहिजे. म्हणजे तो नवा स्वर वाटत नाहीं; पहिलाच वळला असें वाटतें. मींडीचा भास पियानोवर होतो तो असा. पेटीवाल्यानें कणानें जें साधलें तें येथें मरत्या सुराकडे कान लावून साधावें लागतें. त्यासाठीं पंचम वाजवून संपेपर्यंत नुसतें ऐकत बसण्याचा अभ्यास करावा. तो किती वेळ टिकतो हें पहिल्यांदा कळतें तेव्हां बहुतेकांना आश्चर्य वाटतें.

लयीसंबंधीं शोपँच्या शिष्यांनीं एक गोष्ट नोंदून ठेविली आहे. डावा हात म्हणजे वाद्यवृंदाचा नायक, त्यानें ताल सोडूं नये, उजव्यानें हवें तर मागेंपुढें व्हावें, अशी त्याची शिकवण होती. ठेक्याशीं न भांडतां गायक जसा शब्द किंचित् मागें ठेवून समेवर येतो, तसेंच हें. मराठी श्रोत्याला त्यांत नवें कांहीं नाहीं. हे पथ्य सोडून डावाही उजव्याबरोबर डुलूं लागला कीं करुण जाऊन केविलवाणें उरतें.

उजव्या पायाखालचें पेडल दाबलें कीं सर्व तारा मोकळ्या होतात आणि सूर एकमेकांत मिसळतात. तें सबंध खंडभर दाबून ठेवणें म्हणजे सरकलेली आणि न सरकलेली वीट एकाच रंगानें माखणें. नवी कॉर्ड वाजल्यावर क्षणभरानें पेडल बदलावें, वाजण्याबरोबर नव्हे. आणि जेथें शंका येईल तेथें पाय काढून घ्यावा.

येथें वाद्याविषयीं दोन शब्द आवश्यक आहेत. विजेवरच्या स्वस्त वाद्यांत कांहींना बोटाचा जोर मुळींच कळत नाहीं. हळू दाबा कीं जोरानें, आवाज तोच. अशा वाद्यावर वर सांगितलेलें पंचम-धैवतांचें नातें शिकतां येणार नाहीं, आणि मुलीला दोष देण्यांत अर्थ नाहीं. त्यावर डाव्या हाताचा विटा मोजण्याचा अभ्यास तेवढा करावा. स्पर्श जाणणारें वाद्य असल्यास बरेंच साधतें. घरांत जुनी पायपेटी असेल तर तिच्यावरही हें प्रिल्यूड वाजवून पाहावें. दोन्ही हात मोकळे राहतात, आणि मादलेनमध्यें तें कसें ऐकूं आलें असेल याची थोडी कल्पना येते. खरा पियानो ज्यांच्याकडे असेल त्यांनीं मात्र नाशिककडची हवा विसरूं नये. पावसाळ्यांत लांकूड फुगतें, हिवाळ्यांत सुकतें, आणि दोन्ही वेळां तारा उतरतात किंवा चढतात. वर्षांतून दोनदां तरी जुळवणी हवीच. बोटांचेंही तसेंच आहे. निफाड तालुक्याची थंडी महाराष्ट्रांत प्रसिद्ध आहे; कांहीं वर्षीं तेथें पारा ५ अंशांच्याही खालीं गेला आहे. अशा सकाळीं गार बोटांनीं विलंबित वाजविणें द्रुत वाजविण्याहून अवघड जातें. हात आधीं कोमट पाण्यांत धरावेत.

एवढें सारें झालें तरी मूळ शंका राहतेच. वाजविणाऱ्याला दुःख व्हावयास हवें कीं नको? लहान मुलीनें, जिनें अजून कोणाचा मृत्यु जवळून पाहिलेला नाहीं, तिनें हें वाजवावें कसें? मराठी रंगभूमीच्या इतिहासांत याच्या उलट बाजूचें एक उदाहरण आहे. १९११ सालीं मुंबईंत ‘संगीत मानापमान’चा पहिला प्रयोग व्हावयाचा होता. खाडिलकरांचें नाटक, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, आणि भामिनीच्या भूमिकेंत बालगंधर्व. त्याच दिवशीं बालगंधर्वांची लहानगी मुलगी वारली. प्रयोग थांबला नाहीं. शोकानें भरलेल्या गळ्यानें त्या रात्रीं प्रेमिकेचीं आणि मानिनीचीं पदें गाइलीं, आणि तीं प्रेमिकेचींच वाटलीं. गाणाऱ्याचें दुःख आणि गाण्यांतील दुःख हीं दोन निराळीं आहेत, हें इतक्या कठोरपणें क्वचित् कोणाला सिद्ध करावें लागलें असेल. तेव्हां मुलीला रडावयास सांगणाऱ्या शिक्षकानें आधीं तिला ऐकावयास सांगावें. डोळ्यांतलें पाणी पट्टीपर्यंत पोंचत नाहीं. पोंचतो तो हातोडीचा वेग.

सोळाव्या खंडांत शोपँनें लय आवळण्याची सूचना लिहिली आहे आणि सतराव्यांत मोठ्या आवाजाची. सबंध पानावर दुःख मोठ्यानें बोलतें तें एवढ्याच एका जागीं. येथपर्यंत हात राखून ठेवला असेल तरच हा आवाज फुटल्यासारखा वाटतो. आरंभापासून उमाळे काढीत आलेल्या वादकाजवळ येथें खर्चावयाला कांहीं उरलेलें नसतें, आणि तो नुसता पट्ट्या बडवितो. लगेच पुढें उतार. ‘विझत जाणारें’ अशा अर्थाचा शब्द त्यानें लिहिला आहे. स्वरपंक्ति शेवटीं एकदांची षड्जावर येते. परंतु त्या क्षणीं डावा हात त्याच्याखालीं षड्जाची कॉर्ड ठेवीत नाहीं, भलतीच ठेवितो. घरीं आलें आणि घर दुसऱ्याचें निघालें, असा हा प्रकार आहे. ही जागा घाईनें निसटूं देऊं नये. त्या कॉर्डवर डावा हात जोरानें पडावा असें बोटांना वाटतें. तो तेथें अगदीं हलका पडला पाहिजे.

त्यानंतर तेविसाव्या खंडांत एक अपुरी, लोंबकळती कॉर्ड आणि तिच्यापुढें थांबण्याची खूण. या थांबण्यांत आवाज नाहीं. पेडलही नाहीं. ही शांतता किती लांब असावी हें शोपँनें लिहिलेलें नाहीं. शिकाऊ वादक तिला घाबरतो. ऐकणाऱ्याला आपण विसरलों असें वाटेल या भीतीनें पुढें धांवतो. त्यानें मनांत एक सबंध श्वास घ्यावा आणि मगच हात उचलावा. ओझरसारख्या गांवीं त्या वेळांत दूरवर एखादें विमान उठत असेल, स्वयंपाकघरांत भांडें वाजेल, वाजूं द्यावें. मग तीन कॉर्डी, खालच्या सप्तकांत, अत्यंत हळू. तिसरीवर षड्ज खालीं जमिनीशीं मिळतो. बोटें तेथेंच ठेवावीं, आणि तारांतला शेवटचा कंप संपला हें कानानें ऐकल्यावर पट्ट्या सावकाश वर येऊं द्याव्या.